नांदेड ते जोधपूर, दीड तास

कुरुंद्यात कुणाच्या घरची बाई गेली की संतरामला निरोप जायचा. अशा वेळी आधी काय, मागून काय, हे त्याला पाठ होतं आणि ते तो दुसऱ्या कुणाला विसरू देत नसे. माहेरची माणसं येऊन तोंड बघत नाहीत, माहेरचं लुगडं अंगावर पडत नाही, तोवर बाईला उचलायचं नाही. एकदा आंघोळ घालून अंगणात आणली की परत आत न्यायची नाही. ऊन असो, पाऊस असो, जावयाची नोकरी असो, हा गडी बाजेवर ठाण मांडून बसायचा आणि म्हणायचा, "तिच्या बापाला येऊ द्या." लोक मनातून वैतागत. पण लेकी सगळ्यांच्याच घरात असतात, म्हणून तोंडावर कुणी काही बोलत नसे.

अशा माणसाची स्वतःची लेक निर्मला परमुलखात, जोधपूरच्या एका दवाखान्यात वारली.

वैशाखातली सकाळ होती. शिजवलेली हळद खळ्यावर वाळत पडलेली, आणि संतराम ती पायानं उलटीपालटी करत होता. जावयाचा फोन आला. सोमेश्वर औंढ्याकडचा, तीन वर्षांपूर्वी सोलरच्या कंपनीत नोकरी लागली म्हणून जोधपूरला गेलेला. आईबाप नव्हते, मूलबाळ झालं नाही, दोघंच नवराबायको तिथं राहायची. इतक्या सकाळी तो कधी फोन करत नसे.

"मामा," सोमेश्वर म्हणाला. "रातच्याला छातीत दुखाया लागलं तिच्या. दवाखान्यात नेलं. पहाटं गेली."

संतराम हळदीतच खाली बसला. बेचाळीस वर्षांची लेक. अक्षय तृतीयेला येते म्हणाली होती, आली नव्हती. तो काहीतरी विचारत राहिला, सोमेश्वर काहीतरी सांगत राहिला. त्यातलं पुढे त्याला काही आठवेना. एवढंच डोक्यात राहिलं की सोमेश्वर म्हणाला, "मामा, इथं दवाखान्यात तिला थंड पेटीत ठेवलंय. दोन दिवस बी ठेवतो म्हणून राहिले. तुमी कवा पोचता त्याच्यावर हाय. तुमी सांगाल तसं करतो."

बिचारा जावई. दहा माणसांत संतरामला बाजेवर ठाण मांडलेलं त्यानंही पाहिलं होतं. सासऱ्याच्या शब्दाशिवाय बायकोला हलवायची त्याची छाती नव्हती.

घरात रडारड सुरू झाली. संतरामची बायको द्वारकाबाई भिंतीला डोकं टेकून बसली, शेजारची पद्माबाई तिला धरून बसली. मुलगा नरसिंग हळदीची गाडी घेऊन सांगलीला गेलेला, तो काही वेळेत यायचा नव्हता. उरली त्याची मुलगी सृष्टी. वसमतच्या कॉलेजात शिकणारी ही नात म्हणजे घराचा मोठाच आधार. ज्या प्रश्नाचं उत्तर घरात कुणालाच येत नाही तो तिच्याकडे जायचा, ती तो मोबाईलला विचारायची, आणि मोबाईलनं आजवर तिला कधी तोंडघशी पाडलं नव्हतं.

"रेल्वेनं दोन दिवस लागतात," संतराम म्हणाला. "सृष्टी, इमानानं किती लागतं बघ."

सृष्टीनं डोळे पुसून बघितलं. नांदेड ते जोधपूर, असं तिनं लिहिलं. लगेच एक पान उघडलं. त्यावर दोन गावांच्या मधे एक सुरेख वाकडी रेघ होती आणि रेघेच्या मधोमध एक छोटंसं विमान.

"आबा, नऊशे किलोमीटर. विमानानं दीड तास."

"दीड तास?"

"व्हय. दीड तासच लिहिलंय."

"तेवढ्यात तर एसटी हिंगोलीला बी पोचत न्हाई," पद्माबाई म्हणाली.

रडता रडता सगळं घर थबकलं. नांदेडला विमानतळ आहे हे कुणाला सांगायला नको होतं. विमानं खळ्यावरून दिसायची. ती कुठून येतात आणि कुठं जातात याची चौकशी करायचं कुणाला कधी कारण पडलं नव्हतं. गावाच्या हिशेबी विमान म्हणजे आभाळातली एसटी. स्टँडवर जायचं, पाटी बघायची, चढायचं, एक गेली तर मागून दुसरी. सृष्टी शिकलेली खरी, पण तीही कधी विमानात बसली नव्हती. तिनं किती वेळ लागतो ते विचारलं आणि मोबाईलनं जेवढं विचारलं तेवढंच सांगितलं. विमान आहे का, हे तिनं विचारलं नाही. आत्या मेली त्या सकाळी ते तिला कसं सुचावं?

संतरामनं बोटांवर हिशेब केला. नांदेडपर्यंत जीपनं तास-सव्वा तास. तिथून दीड तास. खोळंबा धरला तरी दुपारच्या चहाला आपण लेकीच्या दारात. त्यानं स्वतःच जावयाला फोन लावला.

"सोमेश्वरराव, पेटीबिटीत ठेवू नका माझ्या लेकराला. आमी इमानानं येऊन राहिलो. चारच्या आत पोचतो. तुमी तयारी करून ठेवा."

"नांदेडहून इकडं इमान सुटतं का आता?"

"सुटतं. सृष्टीनं बघितलं मोबाईलवर. दीड तास लागतो."

"बरं मामा," सोमेश्वर म्हणाला. त्याच्या आवाजात इतका धीर आला की संतरामलाही जरा बळ आल्यासारखं वाटलं.

द्वारकाबाईनं ट्रंकेतून हिरवं लुगडं काढलं. तृतीयेला लेक आली नाही म्हणून ते तसंच घडी मोडल्याविना राहिलं होतं. पद्माबाईनं हिरव्या बांगड्या आणल्या. लेक सवाष्ण गेली, तिला सगळं हिरवंच पाहिजे. द्वारकाबाईच्या गुडघ्यांनी तिला उंबऱ्याबाहेर जाऊ दिलं नसतं, म्हणून तिनं पिशवी संतरामच्या हातात दिली आणि म्हणाली, "तिच्या तोंडावरून माझा हात म्हणून हात फिरवा. आन् पोचल्या पोचल्या मला सांगा."

जीप तांड्यावरच्या भीमसिंगची होती. भीमसिंगचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर धान्य लादून मुलुखभर हिंडलेले, आणि हा वसमत-नांदेड फेऱ्या मारून पोट भरणारा. तो संतरामच्याच वयाचा, बोलायला कमी. जीप गावाबाहेर पडल्यावर त्यानं विचारलं, "दादा, तिकीट काढलं का?"

"तिथं जाऊन काढू की."

भीमसिंगनं मान डोलावून गिअर बदलला. मागं बसलेल्या सृष्टीनं मात्र मोबाईल बाहेर काढला. तिकीट आधीच काढलं तर तिथला वेळ वाचेल, असं तिला वाटलं असावं. संतराम समोरच्या आरशात तिच्याकडे अधूनमधून बघत होता. ती बोटानं पान वर सरकवी, खाली सरकवी, पुन्हा काहीतरी लिही. मग तिनं मोबाईल मांडीवर पालथा ठेवला आणि ती खिडकीबाहेर बघायला लागली. थोड्या वेळानं पुन्हा उचलला. तिचा चेहरा पांढरा पडत चालला होता.

"मळमळतंय का, लेकरा?"

"न्हाई, आबा."

"मंग काहून अशी बसली?"

नांदेडची घरं दिसायला लागली तेव्हा कुठं ती पुढे वाकून म्हणाली, "आबा, तिकीट दाखवत न्हाई. कुठल्याच तारखेला दाखवत न्हाई."

"तिथं खिडकीवर भेटंल," संतराम म्हणाला. "मोबाईलला काय समदंच कळतंय का?"

सकाळी हाच माणूस मोबाईलच्या शब्दावर जावयाला शब्द देऊन बसला होता. पण माणसाचं असंच असतं. हवं तेवढं खरं धरायचं आणि नको ते मोबाईलवर ढकलून द्यायचं.

विमानतळाच्या दारात बंदूकवाला जवान उभा होता. आतबाहेर कुणी दिसत नव्हतं. संतराम पिशवी छातीशी धरून त्याच्यासमोर गेला. जवान उत्तरेकडचा, हिंदी बोलणारा. त्यानं तिकीट मागितलं. सृष्टीनं त्याला सगळं सांगितलं, कोण वारलं, कुठं जायचंय. जवानाचा आवाज एकदम खाली आला.

"बाबा, यहाँ से जोधपुर का कोई जहाज नहीं है।"

"आज न्हाई का?"

"आज भी नहीं, कल भी नहीं। होता ही नहीं, बाबा। सुबह वाले जहाज गए। कल हैदराबाद जाइए, वहाँ से दिल्ली, दिल्ली से जोधपुर।"

"पण यात लिव्हलंय," संतराम म्हणाला आणि सृष्टीच्या हातातला मोबाईल त्याच्यापुढे धरला. वाकडी रेघ, मधे विमान, खाली दीड तास. जवानानं ते पाहिलं, सृष्टीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. बाबाला सांगायचं काम त्यानं पोरीवर सोडलं.

"आबा," सृष्टी म्हणाली, "ते फक्त अंतर सांगतंय. म्हणजे इमान असतं, आन् ते सरळ रेघेत गेलं असतं, तर दीड तास लागला असता, असं."

"असतं तर?"

"व्हय."

नसलेल्या विमानाला किती वेळ लागतो, याचा हिशेब कुणीतरी कुठंतरी बसून करतं आणि तो लोकांना वाचायला देतं, हे संतरामच्या डोक्यात शिरेना. पोरीला रागवावं तर तिचे ओठ थरथरत होते. मोबाईलवर रागवावं तर ती बिचारी वस्तू. राग धरायलाच कुणी नाही असा राग त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा आला, आणि तो कुठं ठेवावा हे त्याला कळेना.

"आबा, सोमेश्वरमामांना फोन करा," सृष्टी म्हणाली. "आत्याला आत्ता बाहेर काढू नका म्हणावं. पेटीतच ठेवा, आपण उद्या येऊ म्हणावं."

तीच वेळ होती. तेवढा एक फोन केला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण चारच्या आत पोचतो असं छातीठोक सांगितलेला बाप, त्याच्यानं तो फोन होईना. "थांब," तो म्हणाला. "आधी रस्ता तर निघू दे. काय सांगायचं ते एकदाच सांगू."

मग रस्ता शोधायला ते शहरात फिरले. तिकिटं काढून देणाऱ्या एका दुकानात गेले. तिथल्या मुलीनं मनापासून प्रयत्न केला. हैदराबाद, दिल्ली, मुंबई, पुणे, सगळी गावं तिनं त्या जोधपूरला जोडून बघितली. प्रत्येक वाट उद्यावर जात होती. रेल्वे परवा पोचवत होती. भीमसिंगनं आपण होऊन म्हटलं, "दादा, तुमी म्हणाल तर जीप तशीच पुढं घालतो. थांबत न्हाई कुठं. पण उद्या सांज होईल." तोही मनापासूनच बोलत होता. ज्याला त्याला मदत करायची होती आणि आज पोचवणं कुणाच्याच हातात नव्हतं.

दुकानाच्या पायरीवर असतानाच सोमेश्वरचा फोन आला.

"मामा, इमानात बसलात का? मला वाटलं फोन बंद लागंल."

संतरामनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"इथं समदं बराबर केलंय, मामा. दवाखान्यातून घरी आणलं. शेजारच्या बायांनी आताच आंघोळ घातली. हळदकुंकू लावलं. तुमी चारला येता म्हणून म्या समद्यांना सांगून ठेवलंय. ऊन लई हाय, पण बर्फाच्या लाद्या आणून लावल्यात. चारपतोर काई होत न्हाई."

आंघोळ घातली. संतरामनं डोळे मिटले. बाहेर काढलेली बाई परत आत जात नाही, हे कुरुंद्यात त्याच्याइतकं ठासून कुणी सांगितलं नव्हतं. पेटीत ठेवू नका, हेही त्यानंच सांगितलं होतं. जोधपूरच्या उन्हात त्याची लेक त्याच्या शब्दावर अंगणात येऊन पडली होती.

"मामा? ऐकू येतंय ना?"

"सोमेश्वरराव," तो म्हणाला, "इमान न्हाई."

"म्हंजे? चुकलं का?"

"चुकलं न्हाई. इमानच न्हाई. नांदेडहून तिकडं जातच न्हाई. पोरीनं बघितलं ते निसतं अंतर व्हतं. आमी नांदेडातच हाव."

तिकडून माणसांचे आवाज येत होते. बायका कुठल्या तरी भाषेत बोलत होत्या. सोमेश्वर रागावला असता तर बरं झालं असतं. तो रागावला नाही. त्यानं हळूच विचारलं, "मंग आता काय करू, मामा?"

हा प्रश्न संतरामला आजवर कितीतरी घरांत लोकांनी विचारला होता आणि त्यानं कधीच विचार करायला वेळ घेतला नव्हता. आज त्याला काही सुचेना. परत पेटीत ठेवा म्हणावं, तर ज्यांनी आंघोळ घातली त्या बायांना सोमेश्वर काय सांगणार? आणि तिला पुन्हा त्या पेटीत ढकललेलं, उद्या पुन्हा काढलेलं, हे बापाच्या तोंडून कसं निघावं? ठेवू नका म्हणावं, तर लेक गेली, तिचं तोंडही गेलं. त्यानं भीमसिंगकडे बघितलं. भीमसिंगनं नजर दुसरीकडे वळवली.

"ऊन किती हाय?" त्यानं विचारलं.

"लई हाय, मामा. बर्फ झटक्यात पाणी होऊन राहिला."

"तिला तकलीफ होऊन राहिली," संतराम म्हणाला. मेलेल्या माणसाला तकलीफ होत नाही हे त्यालाही कळत होतं. पण बापाला होते, आणि ती कुणाच्या नावानं सांगावी एवढाच काय तो प्रश्न.

"आबा, व्हिडिओ कॉल करू का?" सृष्टीनं विचारलं. "आत्याचं तोंड तरी बघा."

त्यानं नको म्हटलं. मग हो म्हटलं. सृष्टीनं फोन जुळवला. आधी अंगणाच्या भिंतीवरचं ऊन दिसलं, मग कुणाचा तरी घुंगट, मग सोमेश्वरचं सुजलेलं तोंड. चित्र थांबत थांबत येत होतं. मग निर्मला दिसली. कपाळभर कुंकू, नाकात कापूस, ओले केस. अंगावर साधी पांढरी चादर होती. लुगडं नव्हतं. लुगडं त्याच्या मांडीवरच्या पिशवीत होतं. हे त्याच्या ध्यानात आलं आणि इतका वेळ न रडलेला तो माणूस दुकानाच्या पायरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, मोठ्यानं रडला.

सोमेश्वरनं फोन आपल्याकडे वळवला. "मामा, शेजारची बाई नवीन साडी घेऊन आलीया. तिच्या लेकीच्या लग्नात तिला आलेली. निर्मला तिला दरसाली आपली हळद द्यायची ना, ती बाई. म्हणती, मी नेसवते. पण ती हिरवी न्हाई, लाल हाय. आन् माहेरची न्हाई. नेसवू का? तुमी म्हणाल तर नेसवतो, न्हाई तर तसंच ठेवतो."

संतरामला त्या बाईचं नावही ठाऊक नव्हतं. तिनं लेकीला आंघोळ घातली, केस विंचरले, आता साडी देत होती. आणि सोमेश्वर अजूनही त्यालाच विचारत होता. इतक्या दुरूनही त्याचा शब्द तिथं चालत होता, एवढाच त्याच्या शब्दाचा जोर शिल्लक होता.

"नेसवा," तो म्हणाला. "त्या बाईला माझा नमस्कार सांगा. तिला म्हणावं, आमी पोचलो न्हाई."

"आन् पुढं?"

"पुढं..." तो थांबला. मागं कुणीतरी मडक्यात विस्तव धरत असल्यासारखा धूर होता, किंवा चित्रच अंधूक झालं होतं. "सोमेश्वरराव, आमच्यासाठी थांबू नका. ऊन उतरायच्या आत न्या. माहेरच्या मानसानं सांगितलं म्हणा. म्या सांगितलं म्हणा."

"व्हय, मामा."

फोन बंद झाला. सृष्टी पायरीवर त्याच्याशेजारी बसली होती आणि "माझ्यामुळं झालं, आबा" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. तुझ्यामुळं नाही, असं तो म्हणाला. कुणामुळं, ते त्याला सांगता आलं नाही. भीमसिंगनं दोन चहा आणले. ते तसेच गार झाले.

ते जीपमधे बसले तेव्हा चार वाजून गेले होते. कुरुंद्यात द्वारकाबाई घड्याळाकडे बघत बसली असणार हे संतरामला ठाऊक होतं, आणि झालंही तसंच. जीप सुरू व्हायच्या आत तिचा फोन आला.

"पोचलात ना?" ती म्हणाली. "पद्मा म्हणती, आता पोचलेच असतील. हात फिरवला का तिच्या तोंडावरून?"

खोटं बोलावं असं त्याच्या मनात येऊन गेलं. फिरवला म्हणावं, झोपल्यासारखी दिसत होती म्हणावं. पण सोमेश्वर उद्या-परवा फोन करणारच होता.

"न्हाई," तो म्हणाला. "आमी नांदेडातच हाव. तिकडं इमान जात न्हाई. म्या त्यांना न्या म्हणून सांगितलं. आता नेली असंल."

द्वारकाबाईच्या मागं बायकांचं बोलणं चाललेलं ऐकू येत होतं. त्यांना अजून काही कळलं नव्हतं. मग तिनं विचारलं, "तिथं आपल्यातलं कोन व्हतं?"

"कुनीच नव्हतं."

"बरं," ती म्हणाली. "या मंग घरी."